एका चमच्यात हजार कोटी

जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत, एका गोठ्यात एक संकरित गाय आहे असं धरू. दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर दूध. गाय कडबा खाते, सरकी पेंड खाते, निवांत रवंथ करते. कास मऊ, अंगात ताप नाही. दूध पांढरंशुभ्र, तापवलं तर नासत नाही. या दुधाच्या दर मिलिलिटरमध्ये दहा लाख पेशी आहेत आणि गाय आजारी आहे, असं सांगितलं तर गोठ्यातलं कुणीही विश्वास ठेवणार नाही. न ठेवण्यात त्यांची चूकही नाही. डोळ्यांना दिसेल असं त्या दुधात काहीच नसतं.

पण हिशेब करून पाहा. दहा लिटर म्हणजे दहा हजार मिलिलिटर. दहा हजार गुणिले दहा लाख, म्हणजे एक हजार कोटी पेशी. जगातल्या माणसांची संख्या ८०० कोटींवर पोहोचली तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी १५ नोव्हेंबर २०२२ हा धरला. त्या सगळ्या माणसांहून जास्त पेशी एका गायीच्या एका दिवसाच्या दुधात तरंगत असतात. मग त्या दिसत का नाहीत?

एक पेशी साधारण १० मायक्रॉन रुंद असते. एका मिलिमीटरच्या ओळीत शंभर बसतील एवढी. तिला गोल धरून आकारमान काढलं आणि हजार कोटींनी गुणलं, तर उत्तर येतं जेमतेम ५ मिलिलिटर. चहाचा एक चमचा. दहा लिटरच्या बादलीत एक चमचा, आणि तोही तळाशी साचलेला नाही, तर थेंबाथेंबात सारखा पसरलेला. त्यात दूध स्वतःच कणांनी गच्च भरलेलं. गायीच्या एका मिलिलिटर दुधात स्निग्धांशाचे सुमारे एक हजार कोटी गोलक असतात. केसीन या प्रथिनाचे कण तर त्याहून किती तरी बारीक आणि किती तरी जास्त. अंदाज असा, की एक कोटीला एक कोटीने गुणावं, तेवढे. दुधाला पांढरा रंग येतो तो या दोघांवर आपटून विखुरलेल्या उजेडामुळे. आजाराची खूण असलेली एकेक पेशी दहा-दहा हजार स्निग्ध गोलकांच्या गर्दीत उभी असते.

या आजाराचं नाव सुप्त कासदाह. त्याचं उघड रूप सगळ्यांना माहीत आहे. कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, गाय हात लावू देत नाही, सडातून गाठी, पाणी, कधी रक्त येतं. गावात त्याला दगडी म्हणतात आणि दगडी झाली की लगेच डॉक्टरांना फोन जातो. पण पशुवैद्यकात वर्षानुवर्षं मान्य असलेलं प्रमाण असं आहे, की उघड कासदाहाच्या एका गायीमागे सुप्त कासदाहाच्या १५ ते ४० गायी असतात. फोन जातो तो एकीसाठी. उरलेल्या गायींची धार रोजच्यासारखी निघते, दूध डेअरीला जातं आणि कासेतलं दूध बनवणारं ऊतक हळूहळू निकामी होत राहतं.

या पेशी येतात कुठून, तर रक्तातून. एक लिटर दूध बनायला कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावं लागतं. दहा लिटरच्या गायीच्या कासेतून रोज चार ते पाच हजार लिटर रक्त जातं. टँकर भरेल इतकं. गायीच्या अंगात एकूण रक्त असतं ३०-४० लिटर, म्हणजे तिचं सगळं रक्त दिवसाकाठी शंभराहून अधिक वेळा कासेतून फिरून येतं. त्याबरोबर पांढऱ्या पेशी फिरतात. कासेचा कप्पा निरोगी असेल तर त्यातल्या थोड्याच दुधात उतरतात, मिलिलिटरला एक लाखाच्या आत. त्या पहाऱ्यावरच्या पेशी. त्या असायलाच हव्यात. कप्प्यात जंतू शिरला की हाक जाते आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी भिंतीच्या फटींतून अंग चोरत दुधात घुसतात. जंतू जहाल असेल तर काही तासांत आकडा लाखावरून कित्येक दशलक्षांवर जातो.

गायीच्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ४० लाख ते १ कोटी २० लाख पांढऱ्या पेशी असतात. कासदाह जोरात असलेल्या सडाच्या दुधात मिलिलिटरला ५० लाखांहून जास्त पेशी सापडतात. म्हणजे पांढऱ्या पेशींच्या दाटीच्या बाबतीत ते दूध रक्ताच्या बरोबरीला आलेलं असतं. तरीही पुष्कळदा ते पांढरंच दिसतं. या आजाराबद्दल मी जे काही वाचलं, त्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

जंतूंचं गणित आणखी वेगळं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सुप्त कासदाहाचा मोठा कारणीभूत. अनुकूल परिस्थितीत तो सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होतो. सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांत बारा तास धरले, तर चोवीस वेळा दुप्पट. एका जंतूचे होतात १,६७,७७,२१६. कासेत प्रत्यक्षात असं होत नाही, कारण पांढऱ्या पेशी त्यांना खात असतात आणि दर धारेला पुष्कळसे वाहून जातात. पण आत शिरायला त्याला एकच वाट पुरते. सडाच्या टोकाची नळी अवघी एक सेंटिमीटरच्या आसपास लांब. धार काढली की तिचं तोंड तास-दोन तास नीट मिटत नाही. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली, की वाट मोकळी. धार झाल्याबरोबर गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे गाय खात उभी राहील, हे सांगणं त्यासाठीच असतं. मराठवाड्यात लाल कंधारी, देवणी या देशी गायी आहेत, त्यांचं दूध कमी. संकरित गायीची कास मोठी, दूध जास्त आणि या आजाराची भीतीही जास्त. पावसाळ्यात गोठ्यात चिखल आणि माश्या झाल्या की ही भीती आणखी वाढते.

पेशी मोजायची पहिली भरवशाची रीत प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी १९१० मध्ये मांडली. एका मिलिलिटरचा शंभरावा भाग दूध घ्यायचं, काचेवर बरोबर एक चौरस सेंटिमीटरात पसरायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारं वर्तुळ ०.१६ मिलिमीटर व्यासाचं असेल, तर तशी सुमारे ५,००० वर्तुळं त्या चौरसात बसतात. म्हणून एका वर्तुळात सरासरी एक पेशी दिसली, तर त्या दुधात मिलिलिटरला पाच लाख पेशी आहेत. निरोगी दुधाची एक लाखाची पातळी म्हणजे पाच वर्तुळांत एक पेशी. आणि कप्प्यात संसर्ग आहे असं जिथपासून समजतात, ती दोन लाखांची रेषा म्हणजे पाच वर्तुळांत दोन. निरोगी आणि आजारी यांच्यातला फरक पाच वेळा डोळा लावल्यावर एकाच जादा पेशीचा आहे. नुसत्या नजरेने तो कळावा अशी अपेक्षा कुणाकडून करायची?

गोठ्यात सूक्ष्मदर्शक नेता येत नाही. म्हणून दुसरी वाट शोधली गेली. १९३९ मध्ये कॅनडात व्हाइटसाइड यांनी दाखवलं, की कॉस्टिक सोड्याचं द्रावण घातलं की आजारी दूध घट्ट होतं. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाल्म यांनी नूरलँडर यांच्यासोबत त्यावरून एक सोपी चाचणी बसवली. तीच कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, थोडक्यात सीएमटी. चार वाट्या असलेलं प्लास्टिकचं पसरट भांडं आणि जांभळं द्रावण, एवढंच तिचं साहित्य. द्रावणात कपड्याच्या पावडरीसारखा साबणी पदार्थ असतो आणि आम्लता दाखवणारा रंग. साबणी पदार्थ पेशीचं आवरण फोडतो आणि पेशीच्या केंद्रकातला डीएनए दुधात मोकळा होतो.

इथे आकडे पुन्हा झेप घेतात. गायीचा जनुकीय आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे २७० कोटी अक्षर-जोड्यांचा आहे. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, म्हणजे ५४० कोटी जोड्या. एका जोडीची लांबी ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला तर एका पेशीतला डीएनए सरळ ताणून भरतो १.८ मीटर. पुरुषभर उंचीहून लांब धागा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पेशीत गुंडाळलेला. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख पेशी असतील तर १,८०० किलोमीटर. सीएमटीच्या एका वाटीत साधारण ३ मिलिलिटर दूध घेतात, म्हणजे ५,४०० किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. टेंभुर्णीतल्या त्या गायीच्या एका वाटीभर दुधात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाऊन अर्ध्याहून अधिक वाट परत येईल एवढा धागा सुटतो. दिवसभराच्या दहा लिटरांत तो १ कोटी ८० लाख किलोमीटर होतो. चंद्रापर्यंत तेवीस वेळा जाऊन-येऊन उरणारा. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. नऊ दिवसांचं दूध जमा केलं तर धागा सूर्याच्या पलीकडे पोहोचेल.

हे हजारो किलोमीटर एका वाटीत एकमेकांत गुंततात, आणि चिरलेल्या भेंडीला सुटते तशी तार दुधाला सुटते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दहा सेकंदांत दिसू लागते. मोजणी अशी होतच नाही. पेशी आपलाच धागा सोडून आपली संख्या सांगतात. विज्ञानाने शेतकऱ्याच्या हाती दिलेल्या साधनांत इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं दुसरं फार थोडं असेल, असं मी मनापासून म्हणतो.

करायचं ते असं. सड धुऊन कोरडे करायचे. पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढून प्रत्येक सडाचं दूध आपापल्या वाटीत घ्यायचं. भांडं तिरकं करून जादा दूध सांडून द्यायचं, उरेल तेवढंच द्रावण घालायचं, दहा सेकंद गोल फिरवायचं. दूध पाण्यासारखं वाहत राहिलं तर त्या सडात पेशी साधारण दोन लाखांच्या आत. बारीक, पटकन विरघळणारे कण दिसले तर संशय. दाटपणा आला तर चार लाखांच्या वर, गोळा होऊ लागलं तर बारा लाखांच्या वर, आणि वाटीच्या मधोमध घट्ट ढेकूळ झालं तर पन्नास लाखांच्या वर. वीस सेकंदांच्या आत बघायचं, नंतर दाटपणा ओसरतो. एक काळजी मात्र घ्यायची: नुकत्याच व्यालेल्या गायीच्या चिकात आणि आटत आलेल्या गायीच्या दुधात पेशी एरवीही जास्त असतात, तिथे या चाचणीवरून आजार ठरवायचा नाही.

चार वाट्या वेगळ्या का, हे समजलं तर अर्धं काम झालं. कासेचे चार कप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. समजा एका सडात मिलिलिटरला वीस लाख पेशी आहेत आणि तीन सडांत एकेक लाख. चौघांचं दूध बादलीत एकत्र झालं की सरासरी होते पावणेसहा लाख. अजून आजार लपलेला नाही. आता हे पाच लिटर दूध चाळीस लिटरच्या कॅनमध्ये ओतलं, आणि त्यात दुसऱ्या सात निरोगी गायींचं पाच-पाच लिटर दूध पडलं. कॅनची सरासरी निघते १ लाख ६० हजारांच्या जरा आत. निरोगी! बत्तीस सडांपैकी एक सड जळतो आहे आणि कॅन सांगतो की सगळं ठीक आहे. पुढे शीतकरण केंद्राच्या टाकीत तर त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून हा आजार डेअरीत सापडत नाही. तो सापडला तर गोठ्यातच, धार आणि बादली यांच्यामध्येच.

आपल्याकडे दुधाचा भाव फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक, यांवर ठरतो. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया. पेशींना त्या पट्टीवर जागा नाही. युरोपीय संघात उत्पादकाच्या टाकीतल्या दुधाला मिलिलिटरमागे चार लाख पेशींची मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाखांची. तिथला गोपालक पेशींचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहतो, कारण त्यावर त्याचं दूध घेतलं जाणार की नाही हे ठरतं. आपल्या शेतकऱ्याला तोच आजार आडून चिमटा घेतो. कासदाहात दुधातलं लॅक्टोज आणि केसीन घटतं, मीठ वाढतं, दूध किंचित खारट लागतं, एसएनएफ ८.५च्या खाली येतो आणि दर कापला जातो. घरात चर्चा होते ती पेंड कमी पडली का याची, आणि सडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेशींची संख्या संकलन केंद्राच्या पावतीवर छापून यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. दर नंतर ठरवा. आधी आकडा तरी कळू द्या.

आता देशभराकडे पाहू. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सुप्त कासदाह निघाला सुमारे ४६ टक्के गायींमध्ये, आणि सडांचा हिशेब केला तर २३ टक्के सडांमध्ये. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उलगडते. शंभर गायींचे चारशे सड. त्यांतले २३ टक्के म्हणजे ९२-९३ सड आजारी. ते वाटले गेले ४६ गायींत. म्हणजे आजारी गायीचे सरासरी दोन सड गेलेले असतात. संसर्ग जर सडांवर आंधळेपणाने, कुठेही पडत असता, तर ४६ नव्हे, ६५ गायी आजारी निघाल्या असत्या. तो एकाच कासेत एका सडावरून दुसऱ्यावर सरकतो, धार काढणाऱ्याच्या हातातून, पुसायच्या एकाच फडक्यातून. दोन पाहण्यांचे गट तंतोतंत एक नाहीत, तेव्हा हे गणित ढोबळच समजावं. पण त्याची दिशा खोटी नाही. पहिला सड सापडला तर दुसरा वाचतो.

पैशाचा हिशेब १९६२ मध्ये धांडा आणि सेठी यांनी मांडला होता: कासदाहाने देशाचं वर्षाला ५२.९ कोटी रुपयांचं नुकसान. २००९ मध्ये बन्सल आणि गुप्ता यांनी तो नव्याने केला, तेव्हा आकडा निघाला ७,१६५.५१ कोटी. महागाई वाढली, जनावरं आणि दूध वाढलं, हे सगळं त्यात आहे. मला लक्षवेधी वाटते ती आतली विभागणी. उघड कासदाहाचे ३,०१४ कोटी, सुप्त कासदाहाचे ४,१५१ कोटी. जो आजार दिसतो त्याहून न दिसणारा अकराशे कोटींनी महाग. हे ४,१५१ कोटी वर्षभरात विभागले तर रोजचे अकरा कोटींच्या वर, सेकंदाला तेराशे रुपये. आणि हा हिशेब पंधरा वर्षांहून जुना आहे.

एका गोठ्यात हे कसं दिसेल? अमेरिकेतल्या गायींच्या नोंदींवरून १९८०च्या दशकात एक नियम बसला: पन्नास हजारांच्या पुढे पेशींची संख्या दर वेळी दुप्पट झाली की दुसऱ्या वेताच्या पुढच्या गायीचं दूध दिवसाला सुमारे ०.६ किलोने घटतं. आठ लाखांपर्यंत चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे रोजचं २.४ किलो. त्या गायी आपल्यापेक्षा किती तरी जास्त दुधाच्या, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. टेंभुर्णीतल्या दहा लिटरवाल्या गायीचं नुकसान रोज फक्त अर्धा लिटर धरा. तीनशे दिवसांच्या वेतात दीडशे लिटर. लिटरला तीस रुपये धरले तर साडेचार हजार. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, जिथे पाऊस दगा देतो तेव्हा दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगारच घर चालवतो, तिथे साडेचार हजार ही लहान रक्कम नाही. मुलीच्या शाळेचं वर्ष त्यात निघतं.

मग प्रत्येक जनावर तपासायचं का नाही? तपासू. २०१९ च्या पशुगणनेत देशात दुभत्या आणि भाकड धरून गायी-म्हशी १२ कोटी ५३ लाख भरल्या. त्यांचे सड पन्नास कोटी. प्रत्येक सडाला एकदा ३ मिलिलिटर द्रावण म्हटलं तरी पंधरा लाख लिटर लागेल. एका जनावराला एकच मिनिट दिलं, तर एका माणसाला न झोपता, न थांबता २३८ वर्षं लागतील. पण जनावरं एका रांगेत उभी नाहीत. एका दावणीवरून दुसरीकडे जाणं, हात धुणं, नोंद करणं धरून दहा मिनिटं द्या, रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस. मग वर्षातून एकदा तपासायला ८,७०० माणसं लागतात. कासदाह वर्षाची वाट बघत नाही, महिन्याला तपासायचं तर एक लाख चार हजार माणसं, दुसरं कुठलंही काम न करणारी. प्रयोगशाळेत तासाला ६०० नमुने मोजणारी यंत्रं आहेत. पन्नास कोटी नमुने द्या, एक यंत्र रात्रंदिवस चाललं तरी ९५ वर्षं घेईल. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून कितीही डॉक्टर बाहेर पडले, १९६२ या क्रमांकावर बोलावलेली फिरती गाडी कितीही गावं फिरली, तरी हे काम त्यांच्या हातून होणार नाही. त्यांच्यावर ते टाकणंच चूक आहे.

हीच संख्या दुसऱ्या बाजूने भागून पाहा. देशात सुमारे आठ कोटी कुटुंबं दुधाच्या धंद्यात आहेत. साडेबारा कोटी भागिले आठ कोटी, म्हणजे घरटी दीड जनावर. महिन्यातून दीड मिनिट. एक लाख माणसांचं खातं ज्या कामाला पुरणार नाही, ते काम रोज सकाळी पान्हा सुटल्यावर ज्यांचे हात सडावर असतात त्यांच्यासाठी दीड मिनिटाचं आहे. टेंभुर्णीसारख्या गावांत त्यातले पुष्कळसे हात बायकांचे असतात. कासदाहाचं प्रशिक्षण मात्र बहुतेक वेळा पुरुषांच्या सभेत होतं. भांडं आणि द्रावण त्या बायकांच्या हातात गेलं पाहिजे.

आणि द्रावण मिळालं नाही म्हणून अडत नाही. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की कपडे धुण्याच्या साध्या पावडरीचं तीन टक्क्यांचं द्रावणही हेच काम करतं. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम पावडर, आणि तेवढंच दूध. रंग बदलत नाही, सीएमटीइतके बारकावे दिसत नाहीत, पण तार सुटते. तपासलेलं दूध फेकून द्यायचं, एवढं लक्षात ठेवायचं.

तार सुटली म्हणून घाबरून मेडिकलमधून ट्यूब आणून सडात सोडायची नाही. कोणता जंतू आहे हे दुधाच्या तपासणीतून कळतं आणि औषध डॉक्टरांनी ठरवायचं असतं. चुकीच्या औषधाने जंतू निबर होतो आणि औषधाचा अंश दुधातून लोकांच्या पोटात जातो. स्वतः करण्यासारखं पुष्कळ आहे. ती गाय सगळ्यांत शेवटी पिळायची, तिचा तो सड शेवटी, आणि त्याचं दूध वेगळ्या भांड्यात. अंगठा मुडपून सड ओढायचा नाही, पूर्ण मुठीने पिळायचा. धार झाली की चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. या शेवटच्या एका सवयीने नवे संसर्ग निम्म्यावर येतात, हे इंग्लंडमध्ये रेडिंगच्या दुग्धसंशोधन संस्थेने १९६०च्या दशकात दाखवून दिलं. तिथून निघालेला पाच कलमी कार्यक्रम देशभर लागू झाला, आणि शंभर गायींमागे वर्षाला दीडशेच्या आसपास असलेले उघड कासदाहाचे प्रसंग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चाळीसच्या आसपास आले. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून तयार केलेला लेप सांगतं. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. तिन्ही वस्तू गावात मिळतात.

वर्षातून एकदाच तपासायला सवड मिळणार असेल, तर ती गाय आटवण्याच्या आधी काढावी. व्यायच्या आधीचे साठ दिवस धार बंद असते, जंतू वाहून जाण्याची वाटही बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सडाच्या नळीत केराटिनचं बूच बसायचं असतं आणि काही सडांत ते नीट बसतच नाही; नवे संसर्ग तेव्हाच सर्वांत जास्त शिरतात. उलट याच काळात सडात सोडलेलं लांब मुदतीचं औषध दुधाबरोबर निघून जात नाही, त्यामुळे स्टॅफिलोकॉकससारखा चिवट जंतू दुभत्या दिवसांपेक्षा तेव्हा जास्त वेळा हटतो. कोणत्या सडात तो लपला आहे हे आटवण्याआधी माहीत असलं, तर डॉक्टरांना नेमका सड दाखवता येतो आणि पुढचं वेत चार सडांचं होतं.